व्हिटलॉकबाईंचे पाच डॉलर

या, पुढच्या बाकावर सरकून बसा. होझिया पेटिफर्डची गोष्ट सांगतो. हसू आलं तर दाबू नका, आमच्या चर्चमध्ये हसायला बंदी नाही.

होझिया मेरीलँडमधल्या एका सरकारी इमारतीतले एसी दुरुस्त करायचा. आत कसली गुपितं शिजतात ते त्याला ठाऊक नव्हतं. ती गारव्यात शिजावीत, एवढंच त्याचं काम. पण त्या दारातून आत जायला सुरक्षा परवाना लागायचा. आईच्या शेवटच्या आजारपणात इस्पितळाची बिलं त्याने स्वतःच्या नावावर घेतली. आई गेली, बिलं राहिली, हप्ते थकले. मग परवान्याच्या फेरतपासणीला सरकारी तपासनीस व्हिटलॉकबाई आल्या.

"कर्जात बुडालेला माणूस विकला जाऊ शकतो, मिस्टर पेटिफर्ड."

"मला कोण विकत घेणार, मॅडम? माझ्याकडे गुपित एकच. तिसऱ्या मजल्यावरचा पंखा कुरकुरतो."

बाईंनी तेही लिहून घेतलं.

कर्ज फिटलं नाही तर परवाना जाणार, परवाना गेला की नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की कर्ज फेडायचं कशातून? होझियाची झोप उडाली. शेवटी त्याच्या बायकोने, डेल्फिनने, ही गोष्ट पास्टर टनस्टॉलांच्या कानावर घातली.

त्या रविवारी पास्टरांनी प्रवचन सुरू केलं बोलत आणि संपवलं गात. ऑर्गन एकेक ओळ खालून उचलून धरत होता, बायाबापड्या "सांगा, पास्टर, सांगा!" म्हणून साद देत होत्या. मग होझियासाठी दानाची थाळी फिरली. आमची रीत अशी, की मिटली मूठ थाळीत उपडी करायची. कुणी किती टाकलं ते शेजाऱ्यालाही दिसता कामा नये. कर्ज फिटलं. होझिया लेकरासारखा रडला.

व्हिटलॉकबाई परत आल्या, त्या आणखीच गंभीर होऊन.

"एवढी रोकड एकदम? कोणी दिली?"

"देवाने, मॅडम."

"पत्ता?"

होझियाने चर्चचा पत्ता दिला.

"कर्ज होतं तेव्हा तुम्ही विकले जाऊ शकत होता," बाई म्हणाल्या. "आता विकले गेलात असं दिसतंय."

चौकशी संपेपर्यंत होझिया बिनपगारी घरी बसला.

पुढच्या रविवारी बाई देणाऱ्यांची नावं विचारायला थेट चर्चमध्ये आल्या. तिथल्या सगळ्यांत म्हाताऱ्या मदर युलांनी त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं. "प्रश्न मागाहून विचार, पोरी. आधी ऐक."

होझिया मागच्या बाकावर जीव मुठीत धरून बघत होता. पास्टर गाण्यावर आले तशी बाईंच्या पायाची टाच ठेका धरू लागली. पुढे पुढे तर डोळे मिटून मान डोलायला लागली. थाळी समोर आली तेव्हा हात आपसूक पर्समध्ये गेला, मूठ उपडी झाली.

"आजचे पैसे कशाला जाणार?" बाईंनी मदर युलांना हळूच विचारलं.

"होझियाच्या चुलीला, दुसरं कशाला? तूच बसवलंयस ना त्याला बिनपगारी?"

बाईंचा चेहरा उतरला. "अहो, मी पाच डॉलर टाकले!"

"आकडा सांगू नये, पोरी," मदर युला पुटपुटल्या. "आमच्यात तशी रीत नाही."

पण बाई होत्या सरळ. अहवालात देणाऱ्यांच्या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे नाव लिहिलं, एकच, स्वतःचं. तपासणाऱ्या बाईनेच पैसे दिले म्हटल्यावर प्रकरण त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं. नवे साहेब फोनवरच पास्टरांना म्हणाले, "वर्गणी चर्चचीच होती, असं लिहून सही करून पाठवा. मी तिकडे पाऊलही टाकणार नाही."

होझियाला परवाना परत मिळाला. पहिल्याच दिवशी त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या पंख्याला तेल दिलं. व्हिटलॉकबाईंची मात्र त्या पाच डॉलरपायी चौकशी लागली, ती अजून चालूच आहे.

तेव्हा थाळी तुमच्यापुढे आली, की मूठ उपडी करताना त्या बाईंची आठवण काढा. नाव मनातल्या मनात घ्या बरं का. मोठ्याने घेतलंत, तर कुणीतरी तेही लिहून घेईल.