उडी न मारणारी शेळी

त्याने खालचा खण तिसऱ्यांदा उपसला. पहिल्या वेळी त्यातून एक तुटका कंट्रोलर आणि चार वाळलेली पेनं निघाली होती, दुसऱ्या वेळी काहीच नाही, आणि आता खणच रुळातून निसटून हातात आला. खण मांडीवर घेऊन तो क्षणभर बसला, मग तसाच जमिनीवर ठेवून पाणी प्यायला गेला. तहान नव्हतीच.

या कंपनीतला त्याचा आज शेवटचा दिवस होता आणि सकाळपासून पायाला भिंगरी लागली होती. वीस वर्षांपूर्वी याच कंपनीत त्याने 'छपरावरची शेळी' हा गेम रचला. गळ्यात टपालाची पिशवी अडकवलेली एक शेळी या छपरावरून त्या छपरावर उड्या मारत पत्रं पोचवते, एवढीच त्यातली गोष्ट. पण ती उडी! बटण दाबल्यावर शेळी अंग किती आकसते, हवेत किती रेंगाळते, याच्यावर त्याने आठ महिने घालवले होते. शेळीने त्याचं नाव केलं, कंपनीला ही इमारत बांधून दिली आणि एकामागून एक सहा भाग निघाले. सातव्या भागात शेळीच्या रंगीबेरंगी टोप्या विकायच्या, असं वरच्या मजल्याने ठरवलं तेव्हा त्याने राजीनामा दिला. वरच्या मजल्यावरची माणसं अक्षरशः उंटावरून शेळ्या हाकत होती, आणि त्याने हे भर बैठकीत सांगितलं तरी कोणी हसलं नव्हतं.

बाहेर त्याचा स्वतःचा स्टुडिओ तयार होता. म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, मेहुण्याने बघून दिलेल्या. तिथे शेळी नसलेला एक छोटासा गेम करायचा होता. अडचण एकच होती. कंपनीशी केलेल्या करारानुसार वर्षभर त्याने इथल्या कोणालाही 'माझ्याकडे ये' म्हणायचं नव्हतं. कोणी आपणहून आलं तर गोष्ट वेगळी. आणि त्याला सगळे नको होते, एकटी चिमटी हवी होती.

चिमटी म्हणजे त्याची प्रोग्रामर. पायात रुतलेला काटा काढावा तशी ती हजारो ओळींतून नेमकी चूक उचलून काढायची, म्हणून हे नाव. दुसऱ्या भागापासूनची प्रत्येक उडी तिने चालवली होती. तो नुसते हवेत हातवारे करायचा आणि दोन दिवसांनी ते हातवारे पडद्यावर उड्या मारत असायचे.

पाण्याचा ग्लास हातात असतानाच मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, ती येतेय ना?"

"मला विचारता येत नाही. सांगितलं ना तुला."

"विचारू नका. नुसते तिच्यासमोर जाऊन उसासे टाका."

"फोन ठेव."

"ठेवतो. पण तिच्याशिवाय तुम्ही म्हणजे कागदावर शेळ्या काढणारे एक गृहस्थ आहात. मी नाही म्हणत, ताई म्हणते."

त्याने फोन खिशात टाकला. खिशातला अंगठा मात्र उगीचच बटण दाबल्यासारखा हलत राहिला.

तीनच्या सुमाराला चिमटी आली. बाकी सगळे त्याला सर म्हणत, ती एकटी दादा म्हणायची.

"दादा, वीस मिनिटं आहेत?"

तिने त्याला चाचणीच्या खोलीत नेलं. खोलीत एक पडदा आणि दोन खुर्च्या, एक पुढे, एक मागे. खेळणाऱ्याने पुढे बसायचं; ज्याने गेम केला त्याने मागे बसायचं आणि काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. हा नियम त्यानेच घातलेला होता. आज ती मागच्या खुर्चीत जाऊन बसली.

"हे काय?"

"सातव्या भागाची सुरुवात. चार महिने जेवायच्या सुट्टीत करतेय. परवा वर दाखवली. म्हणाले, सातवा भाग तूच कर. पाच वाजेपर्यंत उत्तर द्यायचंय."

"आणि टोप्या?"

"टोप्या नसतील तरच करीन म्हटलं. तुम्ही चाललात म्हणून घाबरलेत. लगेच हो म्हणाले."

दोन वर्षं भांडून जे त्याला मिळालं नव्हतं, ते त्याने पाठ फिरवताच हिला मिळालं होतं. हसावं की रडावं ते त्याला कळेना.

"पण हे जमलंय की नाही ते मला कळत नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही खेळा. जमलं नसेल तर मी वर नाही म्हणून सांगते आणि सोमवारी तुमच्याकडे येते. तुम्ही बोलवायची गरज नाही."

"मी कुठे काय म्हणालो?"

"तेच तर. महिनाभर मूग गिळून बसलायत."

म्हणजे सुंठीवाचून खोकला जाणार होता. तो पुढच्या खुर्चीत बसला आणि कंट्रोलर हातात घेतला.

पडद्यावर तेच ओळखीचं छप्पर होतं. शेळी मात्र म्हातारी झाली होती. तोंडाशी पांढरी, गुडघ्यांत जराशी वाकलेली. त्याने उडीचं बटण दाबलं. शेळीने पुढचे दोन पाय उचलले आणि परत खाली ठेवले. त्याने जोरात दाबलं. पुन्हा तेच.

"बिघडलंय गं हे."

मागून उत्तर नाही. नियमच होता तसा.

सहा मिनिटं तो शेळीला छपरावर गोल गोल फिरवत राहिला. पिशवीत पत्रं होती, समोरचं घर दिसत होतं आणि मध्ये रस्ता. उडी काढून टाकली तर शेळीत उरलं काय? जमलेलं नाही हिला, असं त्याच्या मनाने ठरवून टाकलं, आणि त्याबरोबर त्याला आनंद झाला. अगदी उघड, निर्लज्ज आनंद. वैतागून त्याने अंगठा बटणावर तसाच दाबून धरला.

शेळी ओरडली. बारीक, घोगरं.

समोरची एक खिडकी उघडली. एका बाईने बाहेर डोकावून शेळीकडे पाहिलं, आत गेली, आणि एक लांब फळी आणून खिडकीतून छपरापर्यंत टाकली. शेळी फळीवरून चालत पलीकडे गेली, पत्र दिलं. पुढच्या घरातल्या म्हाताऱ्याने फार वेळ लावला. तिथे नुसतं थांबावं लागलं. एका घराने खिडकी उघडलीच नाही, तेव्हा शेळी तिथून न ओरडता परत फिरली आणि शेजारच्यांनी आपणहून हाक मारली. आजवर आपल्या कुठल्याच गेममध्ये त्याने खेळणाऱ्याला थांबू दिलं नव्हतं. आता तो स्वतः थांबत होता आणि त्याला घाई नव्हती. वीस मिनिटांची चाळीस झाली. पडदा काळा झाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की त्याच्या पायाची सकाळपासूनची भिंगरी थांबली होती.

या विभागातली एक रीत इथे सांगितली पाहिजे. त्याने एखाद्या कामाला 'छान आहे' म्हटलं की ते काम मेलं. माणसं मुकाट्याने ते मिटून दुसरं उघडत. ज्यात जीव आहे त्याच्यावर मात्र तो तुटून पडायचा, चुकांवर चुका काढायचा, आणि ज्याचं काम असेल तो घरी जाऊन पेढे वाटल्यासारखा वागायचा. हे नव्या मुलांनाही पहिल्या आठवड्यात कळत असे. चिमटीला तर सोळा वर्षांपासून ठाऊक होतं.

"दादा?"

एक शब्द पुरेसा होता. खोटाही नव्हता तो. छान तर होतंच. सोमवारी ती औषधाच्या दुकानावरच्या खोलीत येऊन बसली असती, आणि त्याच्या हातवाऱ्यांना पुन्हा पाय फुटले असते. तिच्याविना तिथे काही उभं राहील याची त्याला खात्री नव्हती. त्रेपन्नाव्या वर्षी नवा माणूस शोधायचा, त्याला आपली भाषा शिकवायची, आणि तो काही चिमटी नसणार. तो उठला, दारापर्यंत गेला, दाराच्या मुठीला हात लावून परत आला, बसला. मागे वळून पाहायचं त्याने टाळलं.

"कागद घे," तो म्हणाला.

ती हलली नाही.

"घे म्हणतोय ना. पहिली खिडकी फार लवकर उघडते. माणूस पुरता वैतागला पाहिजे. मला सहा मिनिटं लागली, दहा लागू देत. तो म्हातारा फळी टाकताना शेळीच्या तोंडाकडे का बघतो? गुडघ्यांकडे बघू दे, त्याचेही दुखत असणार. फळीचा आवाज खोटा आहे, लाकूड असं वाजत नाही. आणि ते न उघडणारं घर. तिथून परतताना तिला एकदा थांबव. एकदाच. मान वळवायची नाही."

मागे पेन भराभर चालू लागलं. मध्येच ते अडलं, नाक ओढल्याचा आवाज आला, मग पुन्हा चाललं. तो काळ्या पडद्याकडे बघत बोलत राहिला. आता तो इतक्या बारीक चुका काढत होता, की त्या चुका नव्हत्याच. पण बोलणं संपलं की उठावं लागणार होतं, आणि उठलं की खाली जावं लागणार होतं, एकट्याने.

"दादा, कागद भरला."

"मग उलट तो," तो म्हणाला. "अजून निम्मंही सांगून झालेलं नाही."