नदीची घडी

त्या डॉक्टर पिंपळापुऱ्याला रीत म्हणून नाही. मी, गावचं पुजारपण करणाऱ्या वड्ड्यांच्या घरची थोरली, नदी बगलेत मारून त्याच्या वॉर्डाच्या दारात उभी राहिले, तर मेला ‘बसा’सुद्धा म्हणाला नाही.

“ओल्या चपला बाहेर,” म्हणाला.

नदी काही मी हौसेनं आणली नव्हती. माझं रक्त धुवायचं मशीन ह्याच्या दवाखान्यात आणि माझं गाव नदीपल्याड. पूर आला की डोंगा सुटत नाही. मागे मशीनच्या दोन पाळ्या चुकल्या, तोंड भोपळ्यासारखं सुजलं, श्वास छातीतच अडायला लागला. तेव्हा हा अख्ख्या वॉर्डासमोर म्हणाला, “आजी, नदी ही नुसती सबब. तुम्हाला यायचंच नसतं.”

मी बोलल्याशिवाय आमच्या गावात बी पडत नाही मातीत. आणि मला सबब सांगणारी म्हणतो!

म्हणून ह्या खेपेला नदीला दोन्ही काठांनी धरलं आणि लुगड्यासारखी घडी घातली. मासे आतच राहिले. एस्टीत कंडक्टरनं तिचं अर्धं तिकीट फाडलं. “मांडीवर घ्या, मावशी,” म्हणाला. त्याला रीत होती.

“तुमची पाळी काढून टाकली,” डॉक्टर म्हणाला. “दोनदा आला नाहीत.”

“नदी होती.”

“पुन्हा तेच.”

मी सरळ आत गेले, रिकाम्या मशीनपाशी खाटेवर बसले आणि त्याच्या दिशेनं घडी उलगडली.

नदीनं आपली रुंदी घेतली. भिंती जागच्या हलल्या नाहीत, तरी ती मावली. खुर्च्या वाहून गेल्या. डॉक्टर पलीकडच्या काठाला राहिला, बोटाएवढा. अलीकडे मी, मशीन आणि सिस्टर.

“लाव मशीन,” मी म्हणाले.

“सरांनी तपासल्याशिवाय नाही लावता येत, आजी.”

“मग बोलाव त्याला.”

तिनं हाका मारल्या. पाणी खाटेच्या पायांना लागलं. माझा श्वास आता अर्ध्यातूनच परतत होता. पलीकडून बारीक आवाज आला, “कसा येऊ? मध्ये नदी आहे!”

डोंगा मी आणला नव्हता. डोंगा गावाचा आहे.

खाटेची कड धरून उठले, होता नव्हता तेवढा श्वास गोळा केला आणि ओरडले, “सबब सांगू नको, पिंपळापुरे! तुला यायचंच नाही!”