चिनी घराण्याचं अर्धं व्याख्यान

तात्यासाहेबांनी एक व्याख्यान अर्धंच ऐकलं, आणि त्यांच्या बायकोच्या, आशाबाईच्या डोक्याला वर्षभराचा ताप झाला. पोलीस ॲक्शन होऊन सात-आठ वर्षं झाली होती. निजाम गेला, पण या माणसाची खुर्चीची हाव काही जाईना.

वाचनालयात एका प्राध्यापकानं चीनमधल्या सुंग घराण्याची हकिकत सांगितली. तीन बहिणी. एकीचा नवरा पैसेवाला, दुसरीचा देशाचा पुढारी, तिसरीचा सेनापती. सगळं राजकारण त्यांच्या घरात. अध्यक्ष तात्यासाहेब. हार घातला, नारळ घेतला आणि रिवाजाप्रमाणे मधूनच उठून कलेक्टरांच्या चहाला गेले. बायांच्या सतरंजीवर आशाबाई मात्र शेवटपर्यंत बसली.

तेव्हापासून घरात ऊठसूट चीन!

"सारजा सिल्लोडच्या जिनिंगवाल्याला दिली, पैशाचं झालं. आता लक्ष्मी मंत्र्याच्या पुतण्याला दिली की सत्ता आपल्या ओसरीवर. तिसरी पोरगी असती तर दिल्लीच हलवली असती!"

लक्ष्मी झाली तेव्हा 'परत पोरगीच' म्हणून ज्यानं महिनाभर बाळंतिणीच्या खोलीत डोकावलं नाही, तो हे बोलत होता. आशाबाईला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे.

लक्ष्मीचा जीव दौलताबादच्या बद्रीनाथ मास्तरावर जडला होता. पोरगा सरळ, निर्व्यसनी. आशाबाईनं विषय काढून काढून तोंड दुखवून घेतलं.

"मास्तर? चिन्यांनी केला असता व्हय मास्तर जावई?" एवढंच उत्तर.

पुतण्याशी साखरपुडा ठरला. त्या दिवशी तात्यासाहेब पाहुण्यांना आणायला स्टेशनावर गेले. परत येऊन बघतात तर दारात मांडव, आणि घरात लक्ष्मी नाही. सकाळीच दौलताबादच्या देवळात मास्तराच्या गळ्यात माळ घालून मोकळी झाली होती.

पाहुणे आल्या पावली परतले. तात्यासाहेब गरजले, "नाक कापलं कार्टीनं! त्या सुंगाच्या घरात असं झालं असतं का?"

आशाबाईचा बांध फुटला. "झालं होतं! मधलीला बाप नाय म्हणला, तर ती घरातून पळाली अन् त्या पुढाऱ्याशी लगीन लावलं. अवो, कोणी दिलीच नव्हती तिला! तुमी हार घेऊन उठून गेलात. मी शेवटपर्यंत बसले होते."

तात्यासाहेबांनी डोक्याचा फेटा काढून बाजेवर आपटला.

"फरक एवढाच," आशाबाई म्हणाली, "ती बापाला चोरून गेली. आपली लक्ष्मी माझ्या पाया पडून गेली. अंगावरचं लुगडंबी मीच नेसवलं."