प्रज्ञानाथांचे दहा शब्द

"घंटा, केळी, छत्री, बैल, आरसा..." सहादू डोळे मिटून माईकसमोर उभा होता आणि एकेक शब्द तोंडातून निघत होता. "दोरी, तांब्या... मोर... शिडी."

दहावा काही आला नाही. पण नऊ आले होते, आणि पंचवटीतल्या त्या मंगल कार्यालयातली चारशे माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली. सकाळी याच सहादूला दहातले दोनच शब्द सांगता आले होते. मखमलाबादला फुलांची शेती करणारा हा माणूस वर्षभरापासून भिजलेल्या वाफ्यालाच पुन्हा पाणी सोडत होता. पुढच्या रांगेत त्याची बायको तानुबाई पदराने डोळे पुसत होती.

"लय उपकार झाले महाराज," ती म्हणाली. "माणूस घरात असून घरात नव्हता."

प्रज्ञानाथ महाराजांनी हात वर केला. भगवी कफनी नाही, पांढरा कुर्ता, कानाला लावलेला माईक, मागे पडद्यावर निळा-जांभळा मेंदू. "उपकार माझे नाहीत, माय. तुमच्या मेंदूत शंभर अब्ज दिवे आहेत. वय झालं की फ्यूज उडतो. आमचं स्मृतिघृत जिभेवर पडलं की क्वांटम पातळीवर करंट चालू. सकाळी दोन, संध्याकाळी नऊ. तराजू तोच, वजन वाढलं. याला विज्ञान म्हणतात."

व्यासपीठावर घृत घेणाऱ्यांसाठी मांडलेल्या बारा खुर्च्यांपैकी चौथीवर कलाबाई बसल्या होत्या. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, वय एकोणसत्तर. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासून सांगितलं होतं, की हा स्मृतीचा सौम्य ऱ्हास आहे. वयापेक्षा विसरणं जास्त, पण रोजचे व्यवहार सुरळीत. पुढे तो वाढेलच असं नाही, काहींचा वर्षानुवर्षं आहे तिथेच थांबतो. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नका, रोज चाला, ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावा, माणसांत राहा, काहीतरी नवीन शिका. गेलेली आठवण परत आणणारं औषध आज तरी नाही.

त्या शेवटच्या वाक्याने त्यांचा मुलगा जीवन हादरला होता. घरात बाबा-बुवांना कधी थारा नव्हता. कलाबाईंच्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हाच देव्हारा गेला होता. पण महाराजांचा व्हिडिओ पाहून जीवन म्हणाला, "आई, हा बुवा नाही. सायन्स आहे, आधी-नंतर टेस्ट घेतात." शिबिराची अट अशी, की आधीपासून सगळ्या गोळ्या बंद. घृत आणि रसायन एका देहात नांदत नाहीत म्हणे. जीवनने आईच्या गोळ्यांची पिशवी कपाटात वर ठेवून दिली होती.

कलाबाईंना हे पटत नव्हतं, पण आपल्या न पटण्यावरही त्यांचा भरवसा उरला नव्हता. गॅसवर दूध ठेवून विसरणाऱ्या बाईने कुणाकडे संशयाने बघायचं?

तरी संशय गेला नव्हता. सकाळी कुंदन नावाच्या सेवकाने दहा शब्द वाचले. कलाबाईंनी वही मागितली, तर तो म्हणाला, "लिहायचं नाही, आजी." दहा मिनिटांनी प्रत्येकाने आपापले शब्द त्याच्या कानात सांगितले आणि आकडे पडद्यावर झळकले. कलाबाईंचे तीन. मग घृत, मग ध्यान, मग महाराजांचं प्रवचन, त्यात एक गोष्ट. एक यात्रेकरू त्र्यंबकला निघाला. देवळातली घंटा वाजली. त्याने झोळीत केळी घेतली, काखेत छत्री मारली, तोच आडवा आला बैल, आणि बैलाच्या शिंगात अडकलेला आरसा. आरसा म्हणजे आत्मज्ञान, महाराज म्हणाले. गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. काही शब्दांआधी ते किंचित थांबायचे. ते थांबणं कलाबाईंना ओळखीचं वाटलं होतं, पण कुठलं ते आठवेना.

"कलाबाई," कुंदनने नाव पुकारलं.

त्या माईकशी आल्या. घंटा. केळी. शब्द खरंच येत होते. इतक्या महिन्यांनी मन हाकेला ओ देत होतं. छत्री, बैल, आरसा. बैलामागे आरसाच यायचा, कारण तो शिंगातच होता. पुढे दोरी, कारण यात्रेकरूने बैलाला बांधलं.

दहाच्या दहा झाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. खाली जीवन रडत होता.

आणि तिथेच त्यांना ते थांबणं आठवलं. ते त्यांचं स्वतःचं होतं. सुरगाण्याच्या शाळेत पोरांना तालुके पाठ होईनात, तेव्हा त्यांनी गोष्टीत एक शेळी सोडली होती. सुरगाण्याची शेळी पेठला पळाली, दिंडोरीला तिने द्राक्षं खाल्ली, निफाडला ऊस, सिन्नरला विडी ओढून खोकली. तालुक्याच्या नावाआधी त्या अशाच थांबायच्या. आठवडाभरात सगळा वर्ग तालुके म्हणू लागला. कुणाला तूप चाटवावं लागलं नव्हतं.

कलाबाईंनी माईक सोडला नाही. "महाराज, आता दुसरे दहा शब्द विचारा."

"मातोश्री, तराजू बदलला तर वजन कसं कळणार?"

"हे शब्द तुम्ही दुपारी गोष्टीत सांगितले. दोनदा. त्याच ओळीने."

महाराज हसले आणि सभेकडे वळले. "बघा, शंका हेही याच आजाराचं लक्षण. घृत उतरलं नाही अजून. आजींच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका, त्यांना दुखणं आहे."

सभेत चुळबुळ झाली. कुंदन माईक घ्यायला पुढे आला. कलाबाईंनी तो आणखी घट्ट धरला.

"आहे मला दुखणं," त्या म्हणाल्या. "म्हणून माझ्यावर विश्वास ठेवूच नका. तुमच्यापैकी घृत कोणी खाल्लंय? कोणी नाही ना? मग तुम्हीच सांगा. घंटा, पुढे काय?"

"केळी," मागून कोणीतरी म्हणालं.

"नंतर?"

"छत्री." आता पाच-पन्नास आवाज होते. बैल, आरसा, दोरी. दाराशी थर्मास घेऊन उभा असलेला चहावाला मंगळूही म्हणत होता. "मीठ" हा शेवटचा शब्द अख्ख्या सभागृहाने एका सुरात म्हटला. चारशे निरोगी माणसांना तूप न चाटता दहा शब्द पाठ झाले होते.

तानुबाई उठली. "बाई, मग आमच्या माणसाला काय गुण नाय?"

सहादू खुर्चीत खाली मान घालून बसला होता. "त्यांना नका विचारू, मला विचारा," कलाबाई म्हणाल्या. "मीही तेच घृत घेतलंय. रोजच्या वापरातले कुठलेही नवे दहा शब्द सांगा."

तानुबाईने सांगितले. विळा, टोपली, सुतळी, असे काही. दहा मिनिटं कुणी जागचं हललं नाही. मग कलाबाईंनी आठवायला सुरुवात केली. "विळा. टोपली." त्या थांबल्या. चारशे जणांसमोर, मुलासमोर, बराच वेळ थांबल्या. "नाही. बाकीचे गेले."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. महाराजांनी पडद्यावरचा मेंदू बंद करायला सांगितला आणि ते मागच्या दाराने निघून गेले.

जीवन व्यासपीठावर आला. "आई, गोळ्या बंद करून किती दिवस झाले?"

"मला कसं आठवेल? तुला आठवायला हवं."

"चार," तो म्हणाला. त्याला वर बघवेना. तिथूनच त्याने आईला दवाखान्यात नेलं. रक्तदाब बराच वर होता. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू करायला लावल्या.

कलाबाई बऱ्या झाल्या नाहीत. अजून विसरतात. पण रोज सकाळी चालायला जातात, आणि मंगळवारी तानुबाई सहादूला घेऊन येते, तेव्हा तिघं मिळून मोडी लिपी गिरवतात. सगळं आठवत नाही, थोडं राहतं.

महाराजांचं तूप अजून विकलं जातं, दुसऱ्या गावात, दुसऱ्या नावाने. तुमच्या घरात कुणी विसरू लागलं, तर घाबरून अशा दारात उभे राहू नका. डॉक्टरांना गाठा, चालू गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आणि कोणी आधी-नंतरचा चमत्कार दाखवला, तर एवढंच विचारा, की ज्यांना औषध दिलं नाही, त्यांचं काय झालं?