यादीबाहेरची

तिसऱ्या दिवशी दुपारी पेसामीनोनं यादीतल्या साठाव्या नावापुढे खूण केली. भूकंपामागोमाग समुद्राची लाट आली ती मंगळवारी सकाळी, माणसं जेमतेम तोंड धुऊन बसली होती तेव्हा. तेव्हापासून तो चालतच होता. तो चर्चच्या मंडळीचा सेवक. वादळ येवो की भूकंप, सेवकानं मंडळीतलं प्रत्येक माणूस स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं आणि मगच खूण करायची, हा त्यांचा जुना रिवाज. "ती बरी आहे, मावशीकडे आहे," एवढं ऐकून भागत नसे. मावशीचं घर गाठायचं आणि पाहायचं. मेलेल्यालाही पाहायचं.

मंडळी लहानशी, शनिवारचा शब्बाथ, म्हणजे देवाचा विश्रांतीचा दिवस, पाळणारी, सगळी मिळून त्रेसष्ट नावं. त्यातली पाच राजधानीत, आपिआच्या इस्पितळामागच्या थंड खोलीत सापडली. म्हातारा मातायो त्याच इस्पितळात खाटेवर बसून नर्सच्या नावानं खडे फोडत होता. जीव वाचला याचं त्याला काहीच नाही, कवळी वाहून गेली याचं दुःख. एसेता डोंगरावर आपल्या डुकरिणीला दोरी बांधून बसली होती आणि तिला सोडून वाचलेल्यांच्या छावणीत यायला तयार नव्हती. पेसामीनोनं सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला, डुकरिणीची चौकशी केली, खुणा केल्या.

पण त्याचं लक्ष यादीत नव्हतं. थंड खोलीत त्याला पाचच माणसं ओळखायची होती, त्यानं सव्वीस चादरी उचलून पाहिल्या.

"तुमचे पाच मिळाले ना?" तिथला माणूस म्हणाला. "मग आता कुणाला बघताय?"

"खात्री करून घेतोय," पेसामीनो म्हणाला.

साफ खोटं. तो आपल्या मुलीला शोधत होता, फुआतीनोला. आणि तिचं नाव घेऊन कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण ते नाव चार वर्षांपूर्वी यादीतून काढलं होतं आणि सभेत उभं राहून ते वाचलं होतं त्यानंच. नवरा कॅथलिक, दोघं मिळून किनाऱ्यावर पर्यटकांसाठी झोपड्या चालवायची, शनिवारीसुद्धा बिअर विकायची. तीनदा समज दिली, ऐकलं नाही. मग नाव काढलं. वाचताना बापाचा आवाज जराही कापला नाही, याचं लोकांनी कौतुक केलं होतं. त्या कौतुकावर पेसामीनो बरेच दिवस जगला, हेही सांगायला हवं.

नाव काढलेल्या माणसाशी बोलायचं नाही, त्याच्या हातचं खायचं नाही, त्याच्या हाकेला ओ द्यायची नाही. तो पश्चात्ताप करून परत येईपर्यंत. हे सगळं प्रेमापोटी करायचं, असं पाळक आपेरामो सांगत.

फुआतीनो मंडळीत परत आली नाही, पण बापाला सोडूनही गेली नाही. दर रविवारी ती त्याच्या दारात यायची. "पापा!" अशी हाक मारायची, थांबायची, पुन्हा मारायची. तीन हाका झाल्या की तारोच्या अळूसारख्या पानांत नारळाचं दूध घालून भाजलेलं काहीबाही पायरीवर झाकून ठेवायची आणि निघून जायची. बायको वारल्यापासून एकटा राहणारा पेसामीनो आत गप्प बसून असे. भांडं शेजारची तेलेसिया उचलून न्यायची, पोरांना खाऊ घालायची आणि त्याला ऐकू जाईल अशा बेतानं ओरडायची, "आज मीठ अगदी बेताचं पडलंय हो, पेसामीनो! तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते."

मंगळवारी तो वाचला तो केवळ मळ्यात होता म्हणून. अंधार असतानाच तारोचे कंद काढायला डोंगरावर निघाला, वाटेत पाळक भेटले, त्यांना मळ्यात चाललोय म्हणून सांगितलं. खाली उतरला तेव्हा गाव नव्हतं. त्याच्या घराची नुसती फरशी उरली होती.

संध्याकाळच्या आत उरलेली तिघंही आतल्या गावातल्या छावणीत सापडली. पाळकांनी यादी हातात घेतली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि डोळे मिटले.

"त्रेसष्ट. झालं रे बाबा. आता तू पड जरा. पायांची काय दशा झालीय बघ."

"एक राहिलंय," पेसामीनो म्हणाला.

पाळकांनी कोण म्हणून विचारलं नाही. थोडा वेळ ते यादीची घडी घालत बसले.

"ती आपल्या यादीत नाही, पेसामीनो. तिच्या नवऱ्याची माणसं बघतील." आणि मग त्याच्याकडे न पाहता, "मी प्रार्थना करतोय तिच्यासाठी."

काम संपलं होतं. आता कुठेही डोकावायला त्याच्यापाशी निमित्त उरलं नव्हतं. तो उठला आणि वरच्या रस्त्याकडे गेला. तिथे तेलेसियानं ताडपत्रीखाली चूल मांडली होती. तिच्यासमोर तो नुसता उभा राहिला.

"आलात?" ती म्हणाली. "तीन दिवस झाले. मला वाटलं, आता पुढच्या लाटेनंतरच याल."

"फुआतीनो कुठे आहे?"

तेलेसियानं हातातली पळी खाली ठेवली. त्याच्या तोंडून ते नाव तिनं चार वर्षांत ऐकलं नव्हतं. तिची जीभ एकदम मवाळ झाली.

"बसा आधी. ती वर आली होती. सगळ्यांच्या आधी आली. जमीन हलल्याबरोबर झोपड्यांतले सगळे पाहुणे उठवले, त्यांना घेऊन आली. वर येताना तुमच्या दाराशी थांबून हाका मारल्या तिनं, मी पाहिलं. ओ आली नाही, म्हणून तिला वाटलं गेला असाल पुढे. इथे येऊन बघते तर तुम्ही नाही."

"मी मळ्यात होतो."

"ते आम्हाला काय ठाऊक? ती तुमच्या माणसांत फिरली. एकेकासमोर उभी राहून विचारत होती, पापा कुठे आहेत, पापांना पाहिलंत का. एकानं तोंड उघडलं नाही हो. सगळे जमिनीकडे बघत उभे. तुमच्या पाळकांना तर तिनं हात जोडून विचारलं."

पाळकांना माहीत होतं. गावात त्या एकाच माणसाला माहीत होतं.

"मी म्हटलं, अगं, घरात असते तर आता तरी ओ दिली असती," तेलेसिया म्हणाली. "तर म्हणते कशी, माझ्या हाकेला ते ओ देत नाहीत तेलेसिया, म्हणून ते घरात नसतात का? दार फोडूनच काढायला हवं. आणि पळाली खाली. समुद्र मागे गेला होता तेव्हा, खडक उघडे पडले होते. नवरा धावला तिच्यामागे. तो झाडावर सापडला, आपिआला आहे, अजून शुद्ध नाही. मी पोलिसांकडे गेले होते तिचं नाव लिहायला. रक्ताचं माणूस आणा म्हणाले."

पाळकांवर चिडावं असं पेसामीनोला फार वाटलं. चिडता आलं तर बरं वाटलं असतं. पण त्या सकाळी इथे वर पाळकांच्या जागी तो असता आणि दुसऱ्या कुणाची पोर बापाला शोधत आली असती, तर तोही जमिनीकडे बघत उभा राहिला असता, हे त्याला पक्कं माहीत होतं. लोकांनी कौतुकही केलं असतं.

शाळेच्या व्हरांड्यात एक तरुण पोलीस बाई टेबल टाकून बसली होती. ती आवरायलाच लागली होती, त्याला पाहून पुन्हा बसली.

"नाव?"

"फुआतीनो."

"तुमची कोण?"

"मुलगी."

"तिच्याशी शेवटचं बोलणं कधी झालं?"

"ती रविवारी बोलली."

"आणि तुम्ही?"

"मी चार वर्षांपूर्वी."

बाईनं मान वर केली. "मग ओळखीच्या खुणा सांगायला दुसरं कुणी आहे का? जवळचं?"

"लिहा," पेसामीनो म्हणाला. "उजव्या अंगठ्यावर सुरीचा व्रण आहे, नीरफणस कापताना लागलेली. डाव्या कानाच्या वर यंदा थोडे केस पांढरे झालेत. कमरेला हिरवा लावालावा गुंडाळलेला असेल तर त्याची खालची कड पांढऱ्या दोऱ्यानं शिवलीय. डावा पाय किंचित बाहेर टाकते, त्या पायाची चप्पल आधी झिजते. हाक मारली की मान वाकडी करून ऐकत थांबते, आणि मग दुसरी मारते." तो थांबला. "हे शेवटचं नका लिहू. त्याचा उपयोग नाही."

बाईनं ते लिहून टाकलं होतं.

"चार वर्षं बोलला नाहीत म्हणता, आणि इतकं बारीक कसं माहीत?"

"खिडकीच्या फटीतून बघायचो. ती वळणाआड जाईपर्यंत."

"तिला माहीत होतं, तुम्ही बघता ते?"

"नाही. मी आत असतो, एवढंच तिला माहीत होतं," पेसामीनो म्हणाला. "म्हणून तर खाली गेली."