आठ मिनिटांचा थांबा

"काय वाटेल ते करा, पण एक्स्प्रेस चार तासांच्या आत पोचली पाहिजे," असं सांगून साहेब चहाला निघून गेले. साहेबांना मिनिटं झाडाला लागतात असं वाटत असावं.

वेळापत्रकाच्या कारकुनाने मोठा तक्ता समोर ओढला. त्यावरची तिरपी रेघ म्हणजे धावती गाडी. रेघ आडवी झाली की थांबा. तेवीस वर्षं तो या रेघा आखत होता. इंजिनं बदलली, रूळ बदलले, सहा तासांचा प्रवास चार तास सहा मिनिटांवर आला. आता वाटेत एकच आडवी रेघ उरली होती. वाफेच्या इंजिनात पाणी भरायला ठेवलेला आठ मिनिटांचा थांबा. वाफेची इंजिनं जाऊन तप लोटलं, तरी कारकून दरवर्षी तो थांबा मुकाट्याने नव्या तक्त्यात उतरवत आला होता.

थांबा होता त्या गावात त्याची ताई राहायची. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलं. दर महिन्याला तो मुख्य कचेरीत जायचा, तेव्हा ती फलाटावर भरलेला डबा द्यायची आणि मागचा रिकामा घेऊन जायची. बायकोची दाढ, मुलीचा अभ्यास, सगळी चौकशी करून वर "किती वाळलास रे!" म्हणून रागवायलाही तिला आठ मिनिटं पुरायची.

दोन दिवस त्याने दुसरीकडे मिनिटं शोधली. मग खोडरबर उचलला.

"ताई, पुढच्या खेपेपासून गाडी इथे थांबायची नाही. थांबा मीच पुसला गं."

ताईने मागचा रिकामा डबा पिशवीत ठेवला. "लहानपणी गाडी अजून कशी पोचत नाही म्हणून डोकं उठवायचास माझं. आता पोच लवकर." तिने त्याच्या हातात डबा दिला. "सवड काढून घरी ये."

त्याला किती सवड मिळते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या महिन्यात गाडी शिट्टी देत त्या फलाटावरून सुसाट निघाली. ताई नेहमीच्या जागी उभी होती. त्याची खिडकी कोणती, हे तिला कळणं शक्यच नव्हतं. म्हणून तिने भरलेला डबा दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला होता.

गाडी तीन तास अठ्ठावन्न मिनिटांत पोचली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कारकून रिकामा डबा मांडीवर घेऊन बसून राहिला.