काळा गर

थेंब चिंचोक्याएवढा होता — काळा, चकचकीत, विटेच्या कडेवरून ओघळता ओघळता मधेच थिजलेला, आणि त्याच्या टोकाला केसासारखी बारीक तार लोंबत होती. नागसेनने तो नखाने खरवडून पाहिला. सुटला नाही. नखात मात्र काहीतरी चिकट शिरलं, आणि बोट नाकाशी न्यायची काहीएक गरज नसताना त्याने ते नेलं... शी! जळलेल्या प्लास्टिकचा तो तेलकट, गोडसर वास, घशाच्या तळाशी जाऊन बसणारा. चूल केव्हाच थंड झाली होती. काल संध्याकाळची अर्धी भाजलेली भाकर अजून तव्यातच होती, तिच्यावरही असलेच दोन-तीन काळे ठिपके, आणि ती उचलून फेकावी असं सकाळपासून कुणाला वाटलं नव्हतं.

चूल तानाबाईची. शेगावात स्टेशनच्या बाजूला अर्जुनरावांचं हे नऊ मजली लॉज उठत होतं, आणि त्याच्या मागच्या झोपड्यांत राहून ती दोन वर्षं बांधकामावर पाणी मारत होती, घमेली वाहत होती. नागसेन या इमारतीचा आर्किटेक्ट. दोघंही लोणारकडच्या सुलतानपूरचे. तिने त्याच्या आईबरोबर निंदणं केलेलं, त्यामुळे साऱ्या साइटवर त्याला साहेब न म्हणणारी ती एकटीच. हिवाळ्याचं वारं चुलीला टिकू देईना म्हणून तिने आडोशाला पॅनलचा एक तुकडा उभा केला होता. दर्शनी भिंतीवर बसवतात तेच पॅनल — दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा कागदासारखा पत्रा आणि मधे गर. काल तो तुकडा पेटला. पत्रा फाटला, आतला गर वितळून जळतच खाली गळायला लागला, आणि तवा वाचवायला पुढे केलेल्या तिच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत गळत राहिला. आता ती सरकारी दवाखान्यात होती.

आणि तो तुकडा तिला दिला होता नागसेननेच. महिनाभरापूर्वी, ढिगातून उचलून, स्वतःच्या हाताने. घेऊन जा मावशी, याले आग लागत नाही, असं म्हणून — वर हसून! केवढा तोरा होता त्या हसण्यात. आपल्या गावच्या बाईला आपण काहीतरी शहाणपणाचं, अभ्यास करून निवडलेलं दिलं, याचा तोरा...

निवडलं होतं खरंच अभ्यास करून. गेल्या पावसाळ्यात अर्जुनरावांच्या टेबलावर तीन नमुने मांडलेले, आणि तो बोलत होता, बोलतच होता — की जिथे माणसं झोपलेली असतात तिथे बाहेरच्या भिंतीवर प्लास्टिकचा गर चालत नाही, पॅनल आणि भिंत यांच्यामधे राहणारी पोकळी म्हणजे धुराडंच, खालच्या मजल्यावर ठिणगी पडली की जाळ नवव्या मजल्यावर जायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही. दर्शनाला आलेली म्हातारी माणसं, एका खोलीत सहा-सहा जण, दमून झोपलेली. म्हणून दगडी भुकटीचा गर. करड्या कडेचा. अर्जुनरावांना रंग सोनेरी हवा होता, बाकी त्यांचं काही म्हणणं नव्हतं. माल पुरवणाऱ्या भागवतने गॅसची शेगडी पेटवून नमुना जाळावर धरला. पत्रा काळवंडला, आत काही पेटलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग नागसेनने खिशातलं जाड पेन काढून दुसऱ्या, कोऱ्या नमुन्यावर तारीख घालून झोकात सही ठोकली. कशावर? तर पत्र्यावर चिकटवलेल्या, नंतर सोलून काढायच्या त्या पातळ प्लास्टिकवर. अरे, सोलून काढायच्या गोष्टीवर कोणी सही करतं का? पंधरा वर्षं या धंद्यात घातलेला माणूस, आणि...

तो उठला. वर सातव्या मजल्यावर दोघं दोरावर लोंबकळून तेच प्लास्टिक सोलत होते; लांबलचक पट्टे वाऱ्यावर हेलकावत खाली यायचे आणि मागून सोनेरी भिंत उघडी पडायची. कापलेल्या तुकड्यांच्या ढिगाशी जाऊन त्याने एक तुकडा उचलला. कड काळी. दुसरा उचलला, काळी. तिसऱ्यापाशी थांबायला हवं होतं, पण तो उचलतच राहिला, एकेक तुकडा उलटा करून फेकत राहिला, बोटं कापली तरी, आणि प्रत्येक तुकड्याच्या पोटात तोच काळा, मऊ, भंगारातलं प्लास्टिक वितळवून काढलेला गर. साइटच्या ऑफिसात खिळ्याला त्याचा सहीचा नमुना टांगलेला होता. तो काढून त्याने कोपऱ्याला नख लावलं. वरचं प्लास्टिक सहीसकट अलगद उठून आलं, एका तुकड्यावरून काढून दुसऱ्यावर लावलेलं असावं तसं. खालची कड — काळी.

भागवत तिथेच खुर्चीत बसून चहा पीत होता. चेहऱ्यावर ना भीती, ना लाज. नागसेनने तो नमुना त्याच्यापुढे आपटला तर त्याने कप बाजूला सरकवला, तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, “साहेब, सही तं तुमचीच हाय ना ही?”

अर्जुनराव त्याच्याहून बरे म्हणावेत तर तेही नाही. त्यांनी आवाज चढवला नाही, उलट त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात उबदार होता, घामट होता, शर्टातून कातडीला लागत होता. महाराजांच्या प्रकटदिनाची गर्दी आठ दिवसांवर आली आहे, म्हणाले. खोल्या सगळ्या सांगून झाल्या आहेत. निवडलं तेच पॅनल बसवलं आहे असं आर्किटेक्टचं पत्र आज संध्याकाळपर्यंत नगरपालिकेत गेलं नाही तर सगळं खोळंबेल. पत्र त्यांनी टाइप करून ठेवलं होतं, नुसती सही राहिली होती. बाई पॅनलनेच भाजली असं सांगणारा कोण आहे, असंही त्यांनी विचारलं, अगदी सहज. आणि पत्राची घडी घालून ती नागसेनच्या पिशवीत सरकवून दिली. शेण खायचं तर आहेच, पण ते वाढतानाही काय नजाकत असते एकेकाची!

कोण आहे... तानाबाई आहे. साइटवरून दवाखान्याकडे गाडी हाणताना त्याला एकदम हुशारी आली. तिचा जबाब झाला, की बोलायचं काय उरतं? काम बंद पडेल, पॅनल उतरवावी लागतील, अर्जुनराव पुन्हा दारात उभं करणार नाहीत. न करोत. भागवतच्या त्या प्रेमळ तोंडावर कागद मारता येईल. आपण फसवले गेलो, हे सगळ्यांना दिसेल. आपण फसवले गेलो — हे तो मनात पुन्हा पुन्हा घोळवत होता, आणि दर वेळी त्यातून काहीतरी वेगळंच वर यायचं. त्या दिवशी ढिगातून तुकडा उचलला तेव्हा तो आडवा धरला होता की उभा? कडेकडूनच धरला असणार, दुसरीकडून धरताच येत नाही. मग मी पाहिली होती का ती कड? ऊन होतं. डोळ्यांसमोर एक काळी रेघ होती... की ती आज पाहिलेली रेघ मी मागे नेऊन तिथे ओढतो आहे? कळत नव्हतं. कळू नये यासाठी आतलं कोणीतरी फार मेहनत घेत होतं, एवढं कळत होतं, आणि त्या आतल्या माणसाची त्याला भागवतपेक्षा जास्त किळस आली. पाहिली असेल, आणि इतक्या वर चढलेलं काम कोण उतरवणार म्हणून पाहिली नसेल. असंही असतं.

तानाबाई खिडकीजवळच्या खाटेवर होती. हाताला बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत पांढरं बांधलेलं, चेहरा सुजलेला, पण त्याला पाहून ती उठायला गेली. तो स्टुलावर बसला. पोलीस येऊन गेला का, विचारलं. ती हो म्हणाली, सकाळीच.

“काय सांगतलं मावशी?”

“तेल उडालं म्हणून सांगतलं.”

तिने डावा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला आणि आवाज खाली आणला. “मिस्तरी म्हणे, त्या पत्र्याईवर तुही सही हाय. उद्या तुह्या मायनं मले इचारलं तं काय सांगू? तुह्या लेकाले म्याच अडकोलं म्हणून?”

“पण मावशी, ते...”

“तू तं म्हणला होता आग लागत नाई. तू काऊन खोटं बोलशीन बाबू? माहाच जाळ मोठा झाला असन. चुलीत कापसाची पऱ्हाटी होती, वाळेल.”

ते जळणारंच होतं, मावशी. वाक्य पुरं तयार होतं. पाच शब्दसुद्धा नाहीत. ते जिभेपर्यंत आलं, दातांना टेकलं. आता ते बाहेर पडेल म्हणून तो स्वतःच थांबून ऐकायला लागला — आणि ऐकू आलं ते हे, की त्याने तिला विचारलं, फार दुखते का. ती म्हणाली, रातच्यापेक्षा कमी आहे. मग काही वेळ ती त्याच्या आईबद्दल बोलली, गुडघे कसे आहेत वगैरे, आणि तो उत्तरं देत होता, नीट देत होता, आणि सकाळपासून मानेत, खांद्यांत, पोटात जे काही आवळून बसलेलं होतं ते एकेक गाठ सुटावी तसं सुटत चाललं होतं. अंग हलकं होत होतं. नको, नको, असं तो अंगाला सांगत होता. अंग कुठे ऐकतं?

बाहेर दुपार कलली होती. फाटकासमोर गाड्यावर कचोऱ्या तळायला टाकल्या होत्या आणि त्याला भूक लागली. साधीसुधी नाही, पाय थांबवणारी, लहानपणी शेतातून घरी आल्यावर लागायची तशी. खिशात फोन थरथरत होता, अर्जुनरावांचा असणार. पिशवीत ते पत्र होतं. दोन्ही त्याला ठाऊक होतं. आता मळमळेल, या पहिल्या घासालाच मळमळेल, मळमळायलाच हवं, असं म्हणत त्याने गरम कचोरीचा लचका तोडला आणि डोळे मिटून वाट पाहिली. चांगली झाली होती कचोरी. हिरव्या मिरचीचा ठसका थेट डोक्यात गेला, डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचंच होतं. कागद रिकामा झालेला पाहून गाडीवाल्याने झारा उचलून विचारलं, अजून देऊ का — आणि नागसेनने हात पुढे केला.